चौदा ऑगस्टची मुलाखत

स्फाक्स या समुद्रकाठच्या शहरात, विद्यापीठासमोरच्या रस्त्यावर टायपिंग आणि बाइंडिंगची सहा-सात दुकानं होती. सगळीकडे दर तोच, कागद तोच, निळा रेक्झिनचा पुठ्ठासुद्धा तोच. तरी मे महिना लागला की सी हादींच्या दुकानाबाहेर पोरापोरींची रांग लागायची आणि शेजारचे दुकानदार माश्या मारत बसायचे. त्याचं कारण नझीहा. सी हादी आत पानं दाबायच्या शिकंज्यापाशी प्रबंध बांधायचे आणि पुढे खिडकीशी संगणकावर नझीहा बसायची. टाइप करता करता ती मध्येच थांबायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि समोरच्याला विचारायची, "हे वाक्य तुझं वाटत नाही. कुणाचं आहे?"

"ही तर सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे, लेल्ला."

"हो का? मग हे 'सगळे' कुठल्या पानावर आहेत ते सांग."

रांगेत हशा पिकायचा. पोरगं कान खाजवत ग्रंथालयात परत जायचं आणि तासाभरानं पान नंबर, आवृत्ती, भाषांतरकाराचं नाव, सगळं चिठ्ठीवर उतरवून आणायचं. पोरांनी तिचं नाव 'लेल्ला तळटीप', म्हणजे तळटीपबाई, ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तिची स्वतःची पदवी अर्धवट राहिली होती. तेवीस वर्षांची असताना बापाला अर्धांगवायू झाला, धाकटी बहीण सालहा शाळेत होती, आई हनिया करकना बेटावरची, मासळी आणि मुलं यापलीकडे तिनं जग पाहिलं नव्हतं. नझीहानं विद्यापीठातून नाव काढून घेतलं आणि सी हादींच्या दुकानात टाइपरायटरवर बसली. पुढे टाइपरायटर जाऊन संगणक आला, बाप गेला, सालहा नर्स झाली, आणि नझीहा त्याच खिडकीशी पन्नाशीकडे सरकली. लग्नाचं राहूनच गेलं. एक गोष्ट मात्र तिनं सोडली नव्हती. अर्धवट राहिलेल्या अभ्यासाच्या सात वह्या.

करकनाचा समुद्र उथळ. तिथे माणसं पाण्यात खजुराच्या झावळ्या रोवून कुंपणं घालतात, भरती-ओहोटीबरोबर मासळी आपोआप सापळ्यात येते. या कुंपणाला म्हणतात शर्फिया. शर्फिया म्हणजे समुद्रातलं शेत. बापाकडून मुलाकडे, मुलीकडे, कधी मेहर म्हणून सुनेकडे जाणारं. प्रत्येक शेताला नाव. मासळी कुठे लागते ते पुरुषांना माहीत, पण कुठलं पाणी कुणाचं, कुठल्या लग्नात कुणाला मिळालं, नाव का पडलं, हे बायकांच्या तोंडी. नझीहानं ते गोळा केलं होतं. दर उन्हाळ्यात बोटीनं बेटावर जायचं, एकेका म्हातारीपाशी बसायचं आणि लिहायचं. कोण बोललं, वय काय, गाव कुठलं, तारीख कोणती, त्या वेळी शेजारी आणखी कोण बसलं होतं. 'विधवेचं पाणी'. 'भांडखोर जावा'. 'उधळलेली वरात'. एकशे ऐंशी नावं झाली होती. निम्मी तिच्या आईनंच सांगितलेली.

आई दोन हजार पाचच्या मार्च महिन्यात गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात लुत्फी दुकानात आला.

लुत्फी देशाच्या पार वायव्येकडचा, केफच्या डोंगरातला. अंगाला मोठा होणारा कोट आणि बोलण्यात डोंगरी हेल. पहिल्या दिवशी त्यानं पंचवीस पानांचा निबंध टाइप करायला दिला. नझीहानं तीन पानं वाचली आणि कागद परत त्याच्यापुढे सरकवले.

"यात चार माणसं बोलताहेत. त्यांतला तू कुठला ते कळत नाही."

तो लाजला. दुसऱ्याचं लिहिणं वेगळं कसं दाखवायचं ते त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या गावच्या शाळेत कुणी शिकवलंच नव्हतं. नझीहाला त्याची दया आली, आणि दयेपेक्षाही जास्त आशा वाटली, कारण त्यानं सबबी न सांगता विचारलं, "मग कसं करायचं, लेल्ला? दाखवा ना."

तिनं दाखवलं. दोन वर्षं दाखवत राहिली. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणात टाक. अर्थ घेऊन आपल्या शब्दांत मांडलास तरी टीप दे, कारण शब्द तुझे असले तरी विचार त्याचा आहे. अमक्यानं तमक्याचं म्हणणं सांगितलं आणि तू फक्त अमक्याला वाचलंयस, तर तमक्याचं पुस्तक उघडल्याचा आव आणू नकोस. "दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचलंस ना, मग चष्मा कुणाचा तेही लिही," ती म्हणायची. आणि छापलेलं नसेल, कुणाच्या घरची वही असेल, तर तीसुद्धा लिहायची पद्धत असते: अप्रकाशित, कुणाची, कुठे ठेवलेली, कितवी वही, कितवं पान.

पोरगा हुशार. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. ईदला घरी जायला जमलं नाही तेव्हा नझीहानं त्याला घरी जेवायला बोलावलं. खारवलेली मासळी आणि मनुकांचं गोडसर कालवण, शरमूला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं आणि नंतर भाकरीनं ताटली पुसून काढली. सालहा म्हणाली, "समुद्र नाही पाहिलास, निदान मासा तरी पाहिला होतास का रे?"

"समुद्र ऑक्टोबरातच पाहिला, इथे आलो तेव्हा," तो हसत म्हणाला. "बसमधून उतरलो नि वाटलं, पूर आलाय."

डॉक्टरेटला विषय सापडेना तेव्हा तो हिरमुसून दुकानात येऊन बसायला लागला. नझीहानं चार दिवस मनाशी घोळवलं. पाचव्या दिवशी कपाट उघडलं, सातही वह्या पिशवीत घातल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या.

"मला वाटत होतं मीच कधीतरी लिहीन," ती म्हणाली. "आता नाही होणार माझ्यानं. तू लिही. यातलं हवं ते घे. ज्या बायकांनी सांगितलं त्यांची नावं मात्र गाळू नकोस."

"आणि तुमचं, लेल्ला?"

"माझं कसं लिहायचं ते तुला येतं," नझीहा म्हणाली.

त्यानं तिचा हात कपाळाला लावला.

प्रबंध झाला. पहिली तीन प्रकरणं नझीहानंच टाइप केली. भूगोल, कायदा, जुने दस्तऐवज. त्यात एक गोष्ट खरोखर त्याची होती. राजधानीतल्या अभिलेखागारात महिनाभर बसून त्यानं शंभर वर्षांपूर्वीचा एक नकाशा शोधून काढला होता, ज्यात नऊ शर्फियांची नावं होती. ते वाचताना नझीहाला इतका आनंद झाला की तिनं सी हादींना हाक मारून दाखवलं. चौथं प्रकरण, बायकांच्या सांगण्याचं, तिच्याकडे आलंच नाही. लुत्फी म्हणाला, "तुम्हाला किती त्रास द्यायचा? चुलतभाऊ राजधानीत टाइप करून देतोय." वह्या त्यानं जशा नेल्या तशा परत आणून दिल्या. मौखिक परीक्षेच्या आठवड्यात सालहाचं ऑपरेशन होतं, नझीहा दवाखान्यात होती. प्रबंध त्याच दिवसांत सी हादींनी बांधला आणि गेला. लुत्फी डॉक्टर झाला, त्याच विद्यापीठात त्याला नोकरी लागली, आणि तीन वर्षांनी त्या प्रबंधाचं पुस्तक निघालं.

प्रकाशनाला नझीहा आईचा चांदीचा काटा ओढणीला लावून गेली. पुढच्या रांगेत जागा नव्हती, मागे उभी राहिली. लुत्फी छान बोलला. बेटावरच्या विसरल्या गेलेल्या बायका म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या. गर्दीत त्यानं तिला दुरून हात केला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी न्याहारी झाल्यावर ती पुस्तक घेऊन गॅलरीत बसली. आधी आभाराचं पान उघडलं. मार्गदर्शक, परीक्षक, अभिलेखागाराचे अधिकारी, आईवडील, बायको. शेवटून दुसरी ओळ होती: टंकलेखनाचे काम चोखपणे केल्याबद्दल सुश्री नझीहा यांचेही आभार.

'चोखपणे' या शब्दावर तिची नजर थोडा वेळ थांबली. मग तिनं मनाची समजूत घातली. आभारात काय असतं, खरी नोंद टिपेत असते. टिपेत असेल.

तिनं चौथं प्रकरण उघडलं.

'विधवेचं पाणी' होतं. 'भांडखोर जावा' होत्या. तिच्या वहीतली वाक्यं होती, तिनं ज्या क्रमानं लिहिली त्याच क्रमानं. आणि मग 'सालिमचं पाणी' आलं. सालिम म्हणजे नझीहाचा थोरला भाऊ, तिच्या जन्माआधी चार वर्षांचा असताना बुडालेला. त्या शेताचं नाव नंतर आईनं बदललं होतं. आईनं हे आयुष्यात एकदाच सांगितलं, अंगणात ऑक्टोपस धोपटता धोपटता, मान वर न करता. सांगून झाल्यावर म्हणाली होती, "जा, मीठ आण." नझीहानं तेवढंच लिहिलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं: वृद्धेने डोळ्यांत पाणी आणून मला सांगितले. त्यावर आकडा, सदतीस.

तिनं खाली पाहिलं. 'हनिया बिंत अली, वय ऐंशीच्या आसपास, राहणार अताया, करकना. लेखकाने घेतलेली मुलाखत, १४ ऑगस्ट २००७.'

ती पहिल्यांदा हसली. वाटलं, आकड्यांची गफलत झाली. आईला जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. मग पुढची टीप वाचली: तत्रैव, म्हणजे वरचीच मुलाखत. त्याच्या पुढची: तत्रैव. पान उलटलं. तत्रैव. तिनं बोटानं मोजलं, अकरा वेळा तत्रैव. इतर म्हाताऱ्यांची नावंही होती, गाव, वय, सगळं नीट, जसं तिनं शिकवलं होतं तसं, आणि प्रत्येकीपुढे तेच: लेखकाने घेतलेली मुलाखत. साऱ्या पुस्तकात 'अप्रकाशित वह्या' हे दोन शब्द कुठे नव्हते. शेवटची संदर्भसूची अठरा पानांची होती. तीत एका पर्यटनखात्याच्या घडीपत्रकाचासुद्धा उल्लेख होता.

"सालहा," तिनं आत हाक मारली. "सालहा, इकडे ये. आई बघ कुणाशी बोलत बसलीय."

सालहानं वाचलं. खुर्चीत मटकन बसली. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारा! आपल्या घरची भाकरी खाऊन गेला हा. केसानं गळा कापला गं मेल्यानं! नझीहा, रड तरी. अशी बघत नको बसूस."

नझीहा रडली नाही. तिनं पुस्तकातल्या त्या पानावर बसची जुनी तिकिटं खुणेला घातली आणि दुपारी पोळीचं पीठ मळलं. पीठ सैल झालं. तिनं टाकून दिलं आणि पुन्हा मळलं.

सोमवारी ती विद्यापीठात त्याच्या खोलीवर गेली. दारावर पितळी पाटी होती. तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली, कॉफी मागवली. त्याचा डोंगरी हेल आता गेला होता.

"लुत्फी," ती म्हणाली, "टीप सदतीस."

त्यानं पुस्तक उघडलं नाही. "लेल्ला, मी तुम्हाला सांगणारच होतो."

"काय सांगणार होतास?"

"समजून घ्या. तुमच्या वह्या म्हणजे कच्चा माल. त्याला शास्त्राचा आकार मी दिला. परीक्षकांनी विचारलं असतं, ही नझीहा कोण? कुठल्या विद्यापीठाची? दुकानातल्या टाइपिस्टच्या वह्यांवर डॉक्टरेट मागतोस का? मी काय उत्तर दिलं असतं?"

"जे खरं आहे ते."

"मग आज ही खोली नसती."

नझीहानं खोलीभर नजर फिरवली. भिंतीला लाकडी फडताळ, खिडकीत एक कुंडी. "माझं नाव नको होतं, नको घालूस. मी तेही सोसलं असतं. पण तू माझ्या मेलेल्या आईला उठवून बसवलंस, रे. तिला रडवलंस. ती तुझ्यासमोर रडली म्हणतोस. ती माझ्यासमोर रडली नव्हती."

तो म्हणाला, आणि हे वाक्य नझीहाला पुढे कित्येक वर्षं भाजी निवडतानासुद्धा ऐकू यायचं, "त्या असत्या तर त्यांनी मलाच सांगितलं असतं. मला मुलासारखं मानलं असतं त्यांनी."

कॉफी आली तेव्हा ती दारात होती.

सालहाच्या आग्रहानं तिनं तक्रार केली. नगरपालिकेतून आईच्या मृत्यूचा दाखला काढला, सात वह्यांच्या पानांच्या प्रती काढल्या, पुस्तकातली पानं शेजारी लावली. एका बाजूला वही, दुसऱ्या बाजूला छापील, अशा एकूण त्रेचाळीस जोड्या. अर्ज इतका नेटका होता की चौकशी समितीच्या चिटणीसानं विचारलं, "हा कुणाकडून लिहून घेतलात?"

समितीत तीन प्राध्यापक होते. त्यातल्या दोघांचे प्रबंध नझीहानं टाइप केले होते. त्यांनी तिला आदरानं बसवलं. लुत्फीही आला. त्यानं दाखला पाहिला, मान हलवली आणि शांतपणे म्हणाला, "तारखेत चूक झालीय हे मान्य. मुलाखत २००४ ची. २००७ हे टायपिंगमध्ये पडलं असणार."

"कुणाच्या टायपिंगमध्ये?" नझीहा म्हणाली.

"प्रबंध तुमच्याच दुकानात टाइप झाला, लेल्ला. आभाराच्या पानावर तसं छापलंय."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. आभाराची ती ओळ तिच्याच गळ्यात आली होती.

"चौथं प्रकरण माझ्याकडे आलं नव्हतं! त्याचा चुलतभाऊ टाइप करत होता. आणि दोन हजार चार साली हा स्फाक्सला नव्हताच, यानं समुद्रसुद्धा पाहिला नव्हता!"

"याला काही लेखी पुरावा?" अध्यक्षांनी विचारलं. आवाजात खोटं काही नव्हतं. त्यांना खरंच पुरावा हवा होता, जसा ती इतकी वर्षं पोरांकडे मागत आली होती. "आणि वह्यांचं म्हणाल, तर या वह्या पुस्तकाच्या आधीच्या हे कशावरून ठरवायचं? त्यांवर शिक्का नाही, नोंद नाही."

"सी हादींना विचारा. प्रबंध त्यांनी बांधला."

सी हादींना बोलावलं. स्वच्छ कोट घालून आले. तीस वर्षं एकाच चहाच्या किटलीतून दोघं चहा पीत होते. ते नझीहाच्या शेजारी न बसता दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

"चौथं प्रकरण बाहेरून टाइप होऊन आलं होतं का?"

सी हादींनी बोटं एकमेकांत गुंतवली. डिंकानं कातडी निघालेली बोटं. "साहेब, जूनमध्ये दिवसाला पंधरा-वीस प्रबंध येतात. कुठलं प्रकरण कुठून आलं, कसं आठवणार? दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये काय आहे ते मी कधी बघत नाही."

विद्यापीठाच्या सगळ्या परीक्षांचं बांधणीकाम त्यांच्याकडे होतं. ते नझीहालाही ठाऊक होतं.

समितीनं लिहिलं: टंकलेखनातील दोष वगळता आक्षेपार्ह काही आढळले नाही, लेखकाने पुढील आवृत्तीत तारीख दुरुस्त करावी.

दुकानात परत आल्यावर सी हादींनी किटली ठेवली. पुदिना घातला, तिच्या पुढ्यात पेला ठेवला. "नझीहा, मला पाच तोंडं आहेत घरी. तू समजू शकतेस."

"आठवत होतं ना तुम्हाला?"

त्यांनी पेला थोडा पुढे सरकवला. "प्यायला घे. निवेल."

"आठवत होतं का, सी हादी?"

"त्याचा कागद वेगळा होता," सी हादी हळूच म्हणाले. "जाड होता. दाबताना जाणवला."

तिनं तो महिना पुरा केला, कारण चार मुलींचे प्रबंध अर्धे टाइप झालेले होते आणि त्यांचा काही दोष नव्हता. मग खिडकीतली आपली उशी उचलली आणि घरी आली. पोरं महिनाभर विचारत राहिली. नंतर शेजारच्या दुकानांतही रांगा लागायला लागल्या.

लुत्फीच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती दीड वर्षात निघाली. सालहानं दुकानात उभ्या उभ्या चाळली आणि घरी येऊन सांगितलं, "आता दोन हजार चार आहे." चुकीची तारीख हा एकच धागा होता ज्याला धरून कुणी ओढलं असतं. आता पुस्तक निर्दोष झालं होतं. आईच्या हयातीतली तारीख, आईचं पूर्ण नाव, आईचं गाव. नझीहानंसुद्धा परक्याचं म्हणून ते पान तपासलं असतं तर काही खोट काढली नसती.

दोन वर्षं तिनं वह्यांना हात लावला नाही. शिवणकाम केलं, शेजारच्या मुलांना लेखन-वाचन शिकवलं. रस्त्यात लुत्फी दिसला तर तो सलाम करायचा. सलामाचं उत्तर चुकवता येत नाही म्हणून ती द्यायची आणि घरी येऊन तो दिवस कुणाशी बोलायची नाही. मग एका हिवाळ्यात तिनं पहिल्या वहीतल्या वीस नावांवर लेख लिहिला, प्रत्येक टीप तीनदा तपासली आणि राजधानीतल्या एका नियतकालिकाला पाठवला. चार महिन्यांनी उत्तर आलं. लेख परत, सोबत तपासनीसाचा शेरा: 'यातील बहुतांश मजकूर डॉ. लुत्फी यांच्या ग्रंथात पूर्वीच आलेला असून लेखिकेने त्याचा कुठेही संदर्भ दिलेला नाही. हे वाङ्मयचौर्य समजले जाते याची लेखिकेस जाणीव असावी.' पुढे पान क्रमांक दिले होते.

नझीहा उठली, पुस्तक काढलं आणि एकेक पान क्रमांक पडताळला. सगळे बरोबर होते.

त्या दिवशी ती रडली. सालहा कामावरून आली तर स्वयंपाकघरात दिवा नव्हता, बहीण जमिनीवर बसलेली. "मला चोर म्हणतात गं," एवढंच म्हणाली. "मी आयुष्यभर दुसऱ्याचं एक वाक्य घेतलं नाही. आणि त्यांचीही चूक नाही. त्यांच्यासमोर जे छापलंय त्यावरून ते बरोबरच बोलताहेत."

मग तिनं स्वतःच पुस्तिका काढायचं ठरवलं. सालहानं पैसे घातले, साठ प्रती. एकशे ऐंशी नावं, प्रत्येकाखाली सांगणारीचं नाव, तारीख, शेजारी बसलेलीचं नाव. सालहा कच्ची पानं वाचत होती. एका पानावर ती अडखळली आणि कागद आपटला.

"हे काय? शेवटी जोडलेल्या नऊ नावांपुढे लुत्फीचं नाव? त्याचं पुस्तक, पान क्रमांकासकट? वेड लागलंय का तुला?"

"नकाशा त्यानं शोधला."

"म्हणून?"

"म्हणून काही नाही. नकाशा त्यानं शोधला, मी नाही."

"त्यानं तुझं नाव पुसलं, आईला खोट्यात पाडलं, आणि तू—"

"सालहा, ती नऊ माझी नाहीत," नझीहा ओरडली. मग आवाज उतरला. "मी त्याचं नाव गाळलं तर त्याच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला? मला माहीत आहे त्याला याचं काहीच वाटणार नाही. उलट दाखवत फिरेल. फिरू दे."

सालहानं आपटलेला कागद उचलला आणि पुढचं पान घेतलं.

एप्रिलमध्ये नझीहा प्रती घेऊन बोटीनं करकनाला गेली. ज्या बायकांनी सांगितलं त्यातल्या आता दोघीच जिवंत होत्या. बाकीच्यांच्या घरी लेकी-सुनांच्या हातात एकेक प्रत दिली. अतायात मन्नूबिया नव्वदीला टेकलेली, अंगणात पाय पसरून बसली होती. वाचता येत नव्हतं, म्हणून नझीहानं वाचून दाखवलं. म्हातारी मान डोलवत होती. तिला त्या दुसऱ्या पुस्तकाबद्दलही कुणीतरी सांगितलं होतं.

"तो मास्तर म्हणे लिहितो, माझ्याशी बोलला," ती म्हणाली. "इथे कुणी मास्तर आला नाही बाई. तू यायचीस, उन्हानं लालबुंद होऊन, आणि माझं निम्मं ताक पिऊन जायचीस."

हीच साक्ष चौकशीच्या वेळी हवी होती. बोटीनं सव्वा तासावर ही बाई बसलेली होती, आणि त्या खोलीत कुणाच्या मनात तिला विचारायचं आलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याही नाही. कागद शोधण्याच्या नादात.

"पुढे वाच," मन्नूबिया म्हणाली.

नझीहानं 'उधळलेली वरात' वाचलं आणि खालची टीप वाचली: मन्नूबिया बिंत सालह, अताया, जुलै १९९६.

"थांब थांब. हे मी नाही सांगितलं."

"तुम्हीच सांगितलंत, खाल्ती. माझ्या वहीत आहे." नझीहा तिला खाल्ती, म्हणजे मावशी, म्हणायची.

"वही गेली खड्ड्यात. मी शेजारी बसले होते. सांगितलं माझ्या जावेनं, तुर्कियानं. तिच्याच आत्याची वरात होती ती, नवरा बोटीतून पडला म्हणून उधळली. मी कशाला तिची गोष्ट सांगेन? ती मला बोलूच देत नसे." म्हातारी खो खो हसली आणि मग डोळे पुसले. "बिचारी मेली. तिचं नाव घाल. तिला आवडलं असतं, ऐटबाज होती."

नझीहानं वही पिशवीतून काढली. पान काढलं. दोन नावं शेजारी शेजारी होती, बोलणारी आणि बसलेली, आणि तिच्याच हातून ती उलटसुलट झाली होती. वीस वर्षं.

तिनं पेन मागितलं. मन्नूबियाच्या नातसुनेनं निळं पेन आणून दिलं. पिशवीत अजून एकेचाळीस प्रती होत्या. ती अंगणातच बसली, एकेक प्रत उघडली, मन्नूबियाच्या नावावर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात तुर्किया लिहिलं. मग आधी वाटलेल्या प्रतींसाठी पुन्हा त्या घरांच्या वाटेला लागली. पहिल्याच दारात सुनेनं विचारलं, "काय झालं, लेल्ला? विसरलात काही?"

"चुकलंय माझं," नझीहा म्हणाली. "जरा पुस्तक आणता का?"